हट्टा येथील घराची आवराआवर

हट्टा म्हटले की ज्याच्या त्याच्या डोळ्यांपुढे निराळे गाव उभे राहते. सागर-दमोहकडची मंडळी आपल्या हटा या गावाची हकीकत सांगू लागतात. मराठवाड्यातून आलेल्यांना वसमतजवळचे हट्टा आठवते. आम्ही लिहीत आहोत ते हट्टा या दोहोंपैकी एकही नव्हे. ते बालाघाट जिल्ह्यातले, वैनगंगेच्या खोऱ्यातल्या भाताच्या मुलखातले. बालाघाटहून गोंदियाकडे जाणाऱ्या लोहमार्गावर 'हट्टा रोड' नावाचे एक लहानसे स्टेशन लागते. स्टेशनाच्या नावापुढे 'रोड' दिसला की गाव तेथून काही अंतरावर आहे असे समजावे, हा रेल्वेचा जुना संकेत. तो येथेही खरा ठरतो.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बंगाल-नागपूर रेल्वेने गोंदिया, नैनपूर, जबलपूर असा अडीच फुटी अरुंद रुळांचा मार्ग टाकला. सातपुड्याच्या जंगलातून रमतगमत जाणाऱ्या त्या गाडीच्या आठवणी आमच्या पिढीतील पुष्कळांजवळ असतील. २०१५ साली जबलपूर-नैनपूर बाजूची ती गाडी कायमची थांबली आणि पुढे काही वर्षांत सारा मार्ग रुंद रुळांचा झाला. आता जबलपूरहून सकाळी निघालेला माणूस पूर्वीच्या मानाने फारच लवकर बालाघाटला पोचतो. पण वाटेतील मुलूख मात्र पाहायचा राहून जातो.

या भागाशी मराठी माणसाचा संबंध जुना आहे. अठराव्या शतकात येथे नागपूरकर भोसल्यांचा अंमल बसला. १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले. आणि १८६७ साली शेजारच्या जिल्ह्यांचे भाग जोडून बालाघाट जिल्हा निर्माण करण्यात आला. कारकुनी, शिक्षकी, वकिली, मालगुजारांकडची दिवाणगिरी अशा निमित्ताने आलेली मराठी घरे येथे रुजली. पोवार, लोधी, गोंड, मरार अशा नाना समाजांच्या शेजारी राहून त्यांची बोलीही थोडी निराळी झाली. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली. तोवर नागपूर ही ज्या मध्य प्रदेशाची राजधानी होती, त्यातून नागपूर, भंडारा आदी जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट नव्या मध्य प्रदेशात, भोपाळच्या छत्राखाली राहिले. घरे जागच्या जागीच होती. सरहद्द तेवढी मधून गेली.

आमच्या काकूंचे आयुष्य या सरहद्दीने बरोबर दुभागलेले आहे. त्यांचे माहेर तिरोड्याचे, तेव्हाच्या भंडारा आणि आताच्या गोंदिया जिल्ह्यातले. १९५५ च्या वैशाखात त्या लग्न होऊन हट्ट्यास आल्या, त्या वेळी माहेर आणि सासर एकाच प्रांतात होते. दीड वर्षाने पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी निघाल्या, तेव्हा त्या दुसऱ्या राज्यात चालल्या होत्या. "गाडी तीच, तिकीट तेच, वाघ नदीवरचा पूलही तोच, फक्त पत्रावरचा पत्ता बदलला," असे त्या सांगतात. काका सरकारी शाळेत शिक्षक होते. त्यांना जाऊन तेरा वर्षे झाली. तेव्हापासून काकू त्या घरात एकट्याच राहत आल्या.

२०२३ च्या दिवाळीत माळ्यावरून पणत्यांची टोपली उतरवताना काकू शिडीवरून घसरल्या. हाड मोडले नाही, पण महिनाभर अंथरूण धरावे लागले. मुलगा रायपूरला नोकरीस; त्याने आईस आपल्याकडे नेण्याचे ठरविले. काकूंनी बरीच कुरकुर करून चैत्रात येण्याचे मान्य केले आणि एक अट घातली: घर आवरल्याखेरीज आपण उंबरा ओलांडणार नाही. मुलाला रजा मिळेना. म्हणून २०२४ च्या संक्रांतीनंतरच्या आठवड्यात जबलपूरहून आम्ही उभयता त्या कामासाठी हट्ट्यास गेलो आणि अकरा दिवस राहिलो.

घर कौलारू, मातीच्या जाड भिंतींचे. पुढे ओसरी, मध्ये माजघर, मागे स्वयंपाकघर व न्हाणी, परसात विहीर आणि लिंबाचे झाड. माजघरावर फळ्यांचा माळा. बाहेरून पाहिले तर चार माणसांना ऐसपैस पुरावे असे हे घर; आत मात्र काकूंना चालण्यापुरती एक पायवाट तेवढी उरलेली होती. दोन्ही बाजूंस पत्र्याच्या पेट्या, पेट्यांवर गाठोडी, गाठोड्यांवर सुपे नि टोपल्या. भाताच्या दोन कणग्या रिकाम्याच, पण त्यांच्या पोटात जुने कंदील, स्टोव्हचे पंप, पाट आणि एक मोडका पाळणा. डालडाचे रिकामे डबे तर इतके की सौ.ने मोजणे चौतिसावर सोडून दिले.

असे घर पाहिले की तरुण माणसाच्या तोंडून पहिला शब्द 'कचरा' असा निघतो. तो शब्द उच्चारण्यापूर्वी हा साठा कोणत्या काळात झाला, ते पाहिले पाहिजे. काकूंच्या लहानपणी महायुद्ध चालू होते आणि कापड, साखर, रॉकेल यांवर नियंत्रण होते. त्यांच्या संसाराला दहा वर्षे झाली तोच १९६५-६६ चा दुष्काळ आला. भाताच्या मुलखात भात मिळेनासा झाला. रॉकेलच्या रांगा, शिधापत्रिकेवरची साखर, सहा-सहा महिने न मिळणारे काचेचे कंदील हे सारे त्यांनी सोसले आहे. ज्या काळात रिकामा डबाही विकत मिळत नसे, त्या काळात तो जपून ठेवणे हा शहाणपणा होता. काळ बदलला, पण अंगी मुरलेली सावधगिरी कशी बदलणार? 'अडीअडचणीला असू द्यावे' हे त्या पिढीचे ब्रीद होते आणि त्या ब्रीदावर आम्हा पुढच्या पिढ्यांची पोटे भरली.

कामाची सुरुवात आम्ही माळ्यापासून केली नाही, पायवाटेपासून केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ६,८४,००० माणसे पडण्यामुळे दगावतात, आणि त्यांत साठीपुढच्यांचा भरणा सर्वांत अधिक असतो. वृद्धाच्या घरात पहिला शत्रू म्हणजे पायात येणारी वस्तू. म्हणून पहिल्या दिवशी खाटेपासून न्हाणीपर्यंतची वाट मोकळी केली, सुटी गोणपाटे उचलली, माजघरातील मिणमिणता दिवा बदलला, शिडी परसात नेऊन ठेवली. एकही वस्तू घराबाहेर गेली नाही. नुसती जागेवरून हलली. संध्याकाळी काकू काठी न टेकता न्हाणीपर्यंत जाऊन आल्या आणि म्हणाल्या, "उद्या पेट्या काढू." पहिल्याच दिवशी फेकाफेक झाली असती तर दुसऱ्या दिवशी पेट्यांच्या किल्ल्या सापडल्या नसत्या, याबद्दल आमच्या मनात संशय नाही.

दुसऱ्या दिवशी औषधांचा डबा आणि कागदांची थैली काढली. मुदत संपलेल्या गोळ्यांच्या बारा पट्ट्या निघाल्या. त्यांतील काही काकांच्या नावच्या होत्या. कागदांचे तीन गठ्ठे केले. पहिला आजच्या उपयोगाचा: जमिनीचा खसरा व बी-१, ऋणपुस्तिका, बँकेचे पासबुक, कुटुंब-निवृत्तिवेतनाचा आदेश. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतो, तेव्हा हा शेवटचा कागद हाताशी असलाच पाहिजे. दुसरा गठ्ठा आठवणीचा: पत्रे, फोटो, पत्रिका. तिसरा वीजबिलांचा व पावत्यांचा. तो काकूंनी स्वतः चुलीत घातला आणि त्यावर पाणी तापवून घेतले.

एका लुगड्याच्या घडीतून पाचशेच्या सात जुन्या नोटा निघाल्या. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री ज्या रद्द झाल्या, त्यांतल्या. बदलण्याची मुदत केव्हाच उलटून गेलेली. २०१७ च्या कायद्याने अशा नोटा बाळगण्यावर बंदी आहे, पण एकूण दहापर्यंत नोटा जवळ असण्यास हरकत नाही. साडेतीन हजार रुपये! काकू थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "काकांच्या वर्षश्राद्धाला म्हणून बाजूला ठेवले होते. ठेवले कुठे हेच आठवेना, म्हणून उसने घेऊन केले." ज्यांच्या घरी वडीलधारी मंडळी आहेत त्यांनी लुगड्यांच्या घड्या, देवघराचा खण, पोथ्यांची वेष्टने आणि डाळींचे डबे यांचा एकदा शोध घ्यावा. त्यात पैशापेक्षा एखाद्याची कित्येक वर्षांची टोचणी मिटण्याचा संभव अधिक असतो.

त्यानंतर भांडी. हे प्रकरण मोठे. काकूंच्या माहेरच्या जिल्ह्याचे ठाणे भंडारा. पितळेच्या भांड्यांसाठी त्याचे नाव दूरवर झालेले. लग्नात मिळालेले गुंड, घागरी, पराती, गंगाळ, बंब, चरव्या अशी सारी पितळ माळ्यावर रचून ठेवलेली होती. कल्हई करणारा गावात येईनासा झाला तशी ती वर गेली. बोहारणीने, भंगारवाल्याने कितीदा फेऱ्या घातल्या. काकूंनी दाद दिली नाही. "मोडीत द्यायला का माहेरून आणली?" हा त्यांचा सवाल. पितळ वजनावर विकली तर त्या काट्यात तिरोड्याहून गाडीने आणलेल्या दिवसाचे वजन धरले जात नाही, हे त्यांचे म्हणणे आम्हांला खोडता आले नाही.

या निमित्ताने बालाघाट जिल्ह्यातीलच एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १८७० साली गुंगेरिया या गावाजवळ गुरे राखणाऱ्या दोन मुलांना जमिनीत काही धातूचे दिसले. खणले तेव्हा तांब्याची ४२४ हत्यारे निघाली, वजनाने ८२९ पौंड, म्हणजे सुमारे पावणेचारशे किलो. आणि त्यांसोबत चांदीचे १०२ पातळ पत्रे, काही वाटोळे, काही बैलाच्या मस्तकाच्या आकाराचे. तज्ज्ञ हा साठा इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकातील मानतात. त्यातील वस्तू आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये व नागपूरच्या अजब बंगल्यात आहेत. कोणी, कशासाठी हे पुरून ठेवले? व्यापाऱ्याची पुंजी होती, की देवाला वाहिलेले दान? सांगायला कोणी उरले नाही. वस्तू राहिल्या आणि त्यांच्यामागची गोष्ट गेली. काकूंच्या माळ्याकडे पाहताना आम्हांला ते वारंवार आठवत होते. येथे गोष्ट सांगणारे माणूस अजून समोर बसलेले होते. म्हणून सौ.ने एक शंभर पानी वही आणली, आणि माळ्यावरून खाली आलेल्या प्रत्येक भांड्यासमोर काकू सांगतील ते एका ओळीत लिहून घेण्याचा परिपाठ ठेवला. काम निम्म्या वेगाने चालू लागले, पण काकूंचा हात सैल झाला. सांगून झालेली वस्तू द्यायला त्या तयार होत. न सांगितलेली वस्तू मात्र त्या हातातून सोडत नसत.

पाचव्या दिवशी मासिकांचे गठ्ठे आले. 'किर्लोस्कर', 'स्त्री', 'मनोहर', नागपूरची दैनिके, दिवाळी अंक. मराठी शाळा नसलेल्या गावी मुलांना मराठी वाचता आले ते या कागदांवर. काकूंनी पंधरा अंक निवडून ठेवले, वाळवीने खाल्लेले वेगळे काढले आणि उरलेले ज्यांच्याकडे वाचणारे आहेत अशा मराठी वाचनालयास देण्यास सांगितले. "पण अगोदर पत्र टाकून विचारा. न विचारता पाठवले की त्यांच्याकडे आपला माळा होतो," हा त्यांचा इशारा वाचकांनीही ध्यानात ठेवावा.

त्या गठ्ठ्यांच्या तळाशी लाल फडक्यात बांधलेली एक लांबट वही निघाली. अक्षर मोडी. आमच्या तोंडचे पाणीच पळाले. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव हिंडून कुणाच्या माळ्यावरून, कुणाच्या पेटाऱ्यातून जुने कागद कसे मिळवीत, हे लहानपणापासून ऐकलेले. १८९८ साली त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला तो अशाच एका घरात सापडलेल्या पत्रांतून. वाण्याच्या पुड्यांसाठी जाणारे कागद त्यांनी वाचविले, म्हणून इतिहास कळला. तेव्हा ही वही तत्काळ एखाद्या संशोधन-मंडळाकडे पाठवावी, निदान पानांचे फोटो तरी काढावे, असे आम्ही सुचविले.

काकूंनी वही आपल्या मांडीवर घेतली. त्यांना मोडी येत नाही, पण आत काय आहे ते त्यांना ठाऊक होते. सासऱ्यांनी एकदा वाचून दाखविले होते. ती वाढीदिढीची वही होती. आषाढात घरचे धान्य संपले की गरजूंनी खंडीने, कुडवाने भात उचलायचे आणि मार्गशीर्षात नवे पीक आले की दीडपट परत करायचे, हा त्या काळचा खेड्यापाड्यांतील रिवाज. कुणी किती नेले, कुणी किती फेडले, कुणाला फेडता आले नाही आणि त्याने काय लिहून दिले, हे सारे नावानिशी त्या पानांत होते. सासऱ्यांनी उरलेली येणी सोडून दिली होती. १९५१ साली मालगुजारी गेली त्याच्याही आधी.

"काकू, म्हणूनच ही जपली पाहिजे," आम्ही म्हणालो. "राजेरजवाड्यांचा इतिहास पुष्कळ आहे. गरिबाने आषाढ कसा काढला हे कुठे लिहिलेले असते?"

"अरे, राजवाड्यांना सापडली ती सरदारांची पत्रे. ती छापली म्हणून सरदारांचे काय गेले?" काकू म्हणाल्या. "यात आपल्या शेजाऱ्यांचे आजे आहेत. सकाळी दूध घेऊन येते ना, तिच्या सासऱ्याच्या बापाचे नाव आहे यात. कोणाच्या चुलीवर कोणत्या साली भात नव्हता, ते लिहिले आहे. हे पुडीला जाता कामा नये, आणि पुस्तकातही जाता कामा नये. माणसे अजून इथेच राहतात."

"आणि आपल्या घराने दीडपट घेतली, तेही त्यात आहे," सौ. हळूच म्हणाली.

"तेही आहे," काकू म्हणाल्या. "म्हणून तर जाळली नाही."

या उत्तरावर आम्हांस बोलण्यासारखे काही राहिले नाही. संशोधकाचा हक्क मोठा की शेजाऱ्याची अब्रू मोठी, या प्रश्नाचा निवाडा आम्ही करू शकत नाही. ज्यांच्या घरी असे कागद आहेत त्यांनी त्याचा विचार अवश्य करावा. वही काकूंच्या पेटीत गेली. फडक्याच्या आत त्यांनी सौ.कडून एक चिठ्ठी लिहवून घेतली. त्यांच्या मागे, मुलाने योग्य वाटेल तेव्हा, ही वही नागपूरच्या एखाद्या जाणत्या संस्थेकडे द्यावी आणि नावे प्रसिद्ध करू नयेत अशी अट घालावी, एवढाच त्यातला मजकूर. चिठ्ठीखाली त्यांनी स्वतःची सही केली, शाळेत शिकलेल्या बाळबोध अक्षरात.

मधल्या एका दुपारी कामास सुट्टी देऊन आम्ही हट्ट्याची बावडी पाहण्यास गेलो. गावाचे भूषण म्हणावे अशी ही वास्तू. सतराव्या-अठराव्या शतकात गोंड राजवटीत ती बांधली गेली असे मानतात. हट्टेसिंह वलके या राजाचे नाव गावकरी सांगतात आणि गावाचे नावही त्याच्यावरूनच पडले असे म्हणतात. वरून पाहावे तर जमिनीत उतरत गेलेली दगडी विहीर. पायऱ्या उतरू लागावे तर खांबांचे सज्जे, ओवऱ्या, मजल्याखाली मजला. उन्हाळ्यात सैनिकांनी येथे विसावा घ्यावा, अशी योजना होती म्हणतात, आणि पहिल्या दहा पायऱ्यांतच अंगाला लागणारा गारवा पाहता ते खरे वाटते. वरच्या उन्हात डोळे दिपत होते. खाली हिरव्या पाण्यावर खांबांच्या सावल्या स्थिर होत्या. राज्याच्या पुरातत्त्व खात्याने ही बावडी संरक्षित केली आहे. परप्रांतीय प्रवासी कान्हाच्या वाघांसाठी बालाघाटवरून पुढे निघून जातात. त्यांनी अर्धा दिवस राखून ही बावडी अवश्य पाहावी.

विहीर कोणतीही असो, तिचा गाळ काढावा लागतो. काढला नाही तर झरे बुजतात, आणि खणताना अविचार झाला तर बांधणीला धक्का बसतो. आमच्याबरोबर आलेला शेजारचा मुलगा हे सांगत होता ते त्यांच्या शेतातल्या विहिरीविषयी. पण त्या आठवड्यात आम्हांला सर्व बोलणी काकूंच्या घराविषयीच वाटत होती.

राहता राहिला प्रश्न पितळेचा. तो काकूंनीच सोडविला, आणि ज्या रीतीने सोडविला ती रीत आपल्याकडे शतकानुशतके आहे. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाचे दिवस. सवाष्णींना वाण लुटायचे. काका गेल्यापासून काकूंनी हळदीकुंकू केले नव्हते. सौ.ने विचारले, "यंदा आपल्या घरी मी करते. वाण तुम्ही द्याल का?" काकू प्रथम नको म्हणाल्या, "माझ्या हातचे वाण कोण घेईल?" हे त्यांनी फार खाली आवाजात विचारले. दूध आणणारी वहिनी ओसरीत उभी होती. ती म्हणाली, "तुमच्या हातचे औषध घेऊन आमची पोरे जगली, मोठी आई. वाण काहून नाही घेणार?"

दोन दिवस चिंच आणि राख लावून पितळ घासली. परसात उन्हाला मांडली तेव्हा लिंबाखाली पिवळे ऊन सांडल्यासारखे झाले. शुक्रवारी सायंकाळी एकेचाळीस बायका आल्या: पोवारांच्या, लोध्यांच्या, मराठी, नव्याने आलेल्या शिक्षिका, पंचायतीतील दोन सभासद. सौ.ने हळदीकुंकू लावले, तिळगूळ दिला. पाटावर बसलेल्या काकूंनी एकेक भांडे उचलून दिले. कोणते भांडे कोणाला, हे त्यांनी मनाशी ठरवून ठेवले होते. दूध आणणाऱ्या वहिनीस सर्वांत मोठा गुंड मिळाला. का, ते त्यांनी सांगितले नाही. आम्ही वहीत त्या गुंडापुढे फक्त 'तिरोडा, १९५५' एवढे लिहिले होते. काकूंनी पुढे काही लिहू दिले नाही.

स्वीडनमध्ये या कामाला एक खास शब्द आहे. आपल्यामागे मुलांवर भार पडू नये म्हणून उतारवयात हळूहळू घर हलके करणे, असा त्याचा आशय. मार्गारेता मॅग्नुसन या लेखिकेने २०१७ साली त्यावर पुस्तक लिहिले व ते जगभर वाचले गेले. आपल्याकडे वानप्रस्थ, दान, वाण लुटणे हे शब्द होतेच. फरक एवढाच की आपल्याकडे वस्तू देताना घेणाऱ्याकडे पाहून देतात. पुण्याचे दिनकर केळकर आणि त्यांच्या पत्नी कमलाबाई यांनी घरोघरचे दिवे, अडकित्ते, भांडी जमवून आपल्या अकाली गेलेल्या राजा या मुलाच्या नावाने संग्रहालय उभे केले आणि सुमारे वीस हजार वस्तूंचा तो संग्रह १९७५ साली महाराष्ट्र शासनास देऊन टाकला. आयुष्यभर जमविलेले देऊन टाकायला जमविण्याइतकेच बळ लागते.

आपल्यातील अनेक घरांत आज हाच प्रसंग आहे. मुले दूरच्या शहरांत, वडीलधारी माणसे जुन्या घरात आणि माळे भरलेले. हट्ट्याच्या अनुभवावरून दोन-चार गोष्टी सुचतात. वाट आधी मोकळी करावी, माळा नंतर. हाताला येईल ते स्वतः न ठरवता ज्याची वस्तू त्याला विचारावे, आणि उत्तरासाठी थांबावे. दिवसाला दोन-तीन तासांहून अधिक काम काढू नये. वृद्ध माणूस वस्तूने नव्हे, आठवणीने थकतो. कागद जाळण्यापूर्वी वाचता येणाऱ्यास दाखवावे. आणि जे द्यायचे ते मालकाच्या हातून द्यावे. त्याच्या माघारी दिले तर ती विल्हेवाट होते, दान होत नाही.

काकू चैत्रात रायपूरला गेल्या. बरोबर दोन पेट्या: एकीत देव आणि कपडे, दुसरीत फोटो, पंधरा मासिके आणि लाल फडके. घर गावच्या शाळेत नव्याने आलेल्या शिक्षिकेस राहावयास दिले आहे. त्या पावसाळ्यात शिक्षिकेचा दूरध्वनी आला की माळ्यावर तीन ठिकाणी छत गळते आहे. चौकशी करता कळले की गळत बरीच जुनी. इतकी वर्षे ते पाणी माळ्यावरच्या गुंडांत आणि परातींत पडत होते, उन्हाळ्यात आटत होते, आणि खाली कोणाला पत्ता नव्हता. माणूस लावून कौले फेरून घेतली.

काकूंना हे कळविले, तेव्हा त्या फोनवर पोटभर हसल्या. "पाहा," म्हणाल्या, "मी सांगत नव्हते, ती भांडी रिकामी नव्हती म्हणून?"